दिव्याच्या भरवशावर माणसाचा पगार?

(समता कॉलोनी, रायपूर येथील आमच्या शाखा सचिवांकडून)



डिझेल संपून पिकअप गाडी रस्त्यात उभी राहिली, की साहेबांच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न आजकाल ठरलेला आहे. "बत्ती जली थी ना?" गाडी कुठे उभी आहे, आतली माणसे कशी आहेत, रात्र आहे की दिवस, हे प्रश्न नंतर. आधी दिवा! दिवा लागला होता असे चालक म्हणाला, तर 'मग भरले का नाहीस' म्हणून तो दोषी. लागलाच नव्हता म्हणाला, तर 'खोटे बोलतोस' म्हणून दोषी. खटला उभा राहण्यापूर्वीच निकाल तयार! आणि या खटल्यातला एकमेव साक्षीदार कोण? तर काट्याशेजारचा हरभऱ्याएवढा पिवळा दिवा, ज्याची उलटतपासणी घेण्याची सोय नाही.

हा विषय रेल्वे आणि टपाल कामगारांच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी आपापल्या सेक्शनमध्ये जरा डोळे उघडून पाहावे. एके काळी खात्याची लॉरी होती, खात्याचा ड्रायव्हर होता, त्याला पगारपत्रक होते. आता बहुतेक ठिकाणी भाड्याची पिकअप आली आहे. रात्रीच्या ब्लॉकला ट्रॅकमन आणि त्यांची अवजारे ती नेते, ओव्हरहेड तारेचे सामान ती नेते, सिग्नलच्या बिघाडाला रिले आणि केबल घेऊन तीच धावते. टपाल खात्यात मेल मोटर सर्व्हिसच्या जुन्या चालकांना विचारा, आर. एम. एस.च्या भावांना विचारा. पिशव्या वेळेवर फलाटावर याव्यात म्हणून किती ठिकाणी ठेक्याच्या गाडीची वाट पाहावी लागते ते सांगतील. स्टिअरिंगवर बसलेला माणूस आपल्या हजेरीपटावर नसेल, पण त्याच्या मागे हौद्यात बसलेली माणसे आपलीच आहेत. गाडी थांबली तर तो आणि आपण एकाच अंधारात उभे राहतो.

असे एक प्रकरण मागच्या पावसाळ्यात माझ्यापुढे आले. ठेकेदाराचे नाव मी लिहीत नाही, सेक्शनचेही नाही. चालकाला अजून तिथेच पोट भरायचे आहे. रात्री साडेअकराला आठ ट्रॅकमन, जॅक, रेल कापण्याचे यंत्र असा भार घेऊन गाडी निघाली. काटा पावच्या थोडा खाली. दिवा लागलेला नाही. पुलाच्या अलीकडे रस्त्याला चढ आहे, तिथे इंजिन दोन वेळा अडखळले आणि बंद पडले. चालकाने स्टार्टर मारला, पुन्हा मारला, बॅटरी बसली. दुसऱ्या गाडीने कॅनमध्ये डिझेल आणले, ते टाकीत ओतले, तरी गाडी सुरू होईना, कारण तिने एअर घेतली होती. ब्लॉकची वेळ टळली. आपले आठ जण पावसात पुलाशेजारी बसून राहिले. ठेकेदाराला रेल्वेने करारातला दंड लावला आणि ठेकेदाराने तो पुरा दंड चालकाच्या पगारातून कापला. आठ दिवसांची कमाई! कागद नाही, नोटीस नाही, सही नाही. आपल्या माणसाकडून एवढीशी चूक झाली तरी १९६८ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे हातात एस. एफ. ११ पडते, लेखी उत्तर देता येते, अपील करता येते. या चालकाला चिठोरेसुद्धा मिळाले नाही. विचारले तर उत्तर तेच: "दिवा असतो ना गाडीत!"

आता हा दिवा म्हणजे काय चीज आहे ते नीट समजून घेऊ. मी मॅट्रिक शिकलेला माणूस, इंजिनिअर नव्हे. पण एका मिस्त्रीच्या शेजारी बसून जुन्या पिकअपच्या टाकीतून काढलेले यंत्र मी हातात घेऊन पाहिले आहे, आणि साहेबांपैकी किती जणांनी पाहिले आहे याची मला शंका आहे.

टाकीच्या आत एका दांडीच्या टोकाला तरंगता गोळा असतो. डिझेल वर-खाली होईल तसा तो वर-खाली होतो. दांडीचे दुसरे टोक एका पट्टीवर घासत सरकते, त्याप्रमाणे विजेचा रोध बदलतो आणि समोरचा काटा हलतो. बस्स, इतकेच. बऱ्याच गाड्यांत दिवासुद्धा याच गोळ्याच्या हिशोबावर लागतो. म्हणजे काटा फसला की दिवाही फसला. दोन साक्षीदार दिसतात पण साक्ष एकच. काही गाड्यांत दिव्यासाठी वेगळा मण्याएवढा तुकडा बसवतात, त्याला थर्मिस्टर म्हणतात. तो डिझेलमध्ये बुडालेला असेपर्यंत थंड राहतो आणि वीज अडवून धरतो. डिझेल खाली गेले, तो उघडा पडला, की स्वतःच्याच विजेने तापतो, रोध कमी होतो आणि दिव्याला वीज मिळते. तापायला थोडा वेळ लागतो. गाडी हेलकावत असेल तर डिझेलची लाट त्याला पुन्हा पुन्हा भिजवते आणि दिवा लागायचा तो लांबतो.

पिकअपची टाकी बहुधा चासीच्या बाजूला लटकवलेली, लांबट आणि बुटकी असते. केशकालच्या घाटात बारा वळणे चढताना किंवा आपल्या कसाऱ्याच्या चढावर तिच्यातले डिझेल मागच्या अंगाला सरते. गोळा कुठे बसवला आहे आणि इंजिनाकडे जाणारी नळी कुठून डिझेल ओढते, यावर सगळे अवलंबून. गोळ्याभोवती डिझेल साचले तर काटा समाधानी, दिवा गप्प आणि नळीचे तोंड कोरडे! उतारावर उलटा प्रकार: डिझेल असूनही दिवा पेटतो, सपाटीला आल्यावर विझतो. असे चार वेळा झाले की माणूस त्या दिव्याकडे पाहणेच सोडून देतो. काटा सारखा नाचू नये म्हणून कारखानदार त्याला मुद्दाम मंद करून ठेवतात, म्हणजे तो जे सांगतो ते थोडे शिळेच असते. त्यात पट्टी झिजते, गोळ्याला भोक पडून तो डिझेल पितो आणि बुडतो, चासीवरची अर्थिंगची तार गंजते, हौद्यात ओले सामान आणि खडी टाकून टाकून वायरिंगचा पार भुगा होतो. अमेरिकेत २००४ साली लुइझियाना आणि फ्लोरिडा या भागांत विकल्या गेलेल्या पेट्रोलमध्ये गंधक जास्त राहिले, तर मोटारींच्या टाकीतल्या चांदीच्या संपर्कपट्ट्याच खराब होऊन काटे चुकीचे दाखवू लागले आणि शेकडो पंपांवर विक्री थांबवावी लागली. नव्याकोऱ्या मोटारींच्या देशात ही गत, तर दिवसरात्र राबणाऱ्या भाड्याच्या पिकअपची काय कथा!

मी दिव्याला खोटारडा म्हणत नाही. न्यायाने बोलायचे तर सपाट रस्त्यावर, देखभाल असलेल्या गाडीत तो बहुतेक वेळा वेळेवर लागतो, किंबहुना थोडा आधीच लागतो, कारण गिऱ्हाईक रस्त्यात अडकावे असे कोणत्याच कारखानदाराला वाटत नाही. नव्या गाड्यांत मीटरमधले इलेक्ट्रॉनिक यंत्र तार तुटल्याचेही ओळखू शकते. माझे म्हणणे वेगळे आहे. दिवा लागला, तर तो काहीतरी सांगतो. दिवा लागला नाही, तर तो काहीच सांगत नाही. टाकी भरलेली असेल, किंवा बल्ब उडालेला असेल, किंवा तार तुटलेली असेल, किंवा गोळा अडकलेला असेल; चारही गोष्टींत डॅशबोर्डवर दिसते ते एकच, अंधार.

हे रेल्वे कामगाराला मी शिकवावे का? आपली सारी नोकरी याच तत्त्वावर उभी आहे. ट्रॅक सर्किट घ्या. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने बंद सर्किटाचे ट्रॅक सर्किट काढले, त्यात रुळांतून सतत वीज वाहत असते. गाडी आली की वीज तुटते, सिग्नल लाल. पण तार तुटली तरी सिग्नल लाल, बॅटरी बसली तरी लाल, रूळ तुटला तरी बहुधा लाल. बिघाड झाला तर तो धोक्याच्या बाजूने बोलला पाहिजे, गप्प बसता कामा नये. आणि सिग्नलचा दिवाच विझलेला असेल तर? १९७६ च्या सामान्य नियमांत स्पष्ट आहे: जो सिग्नल पेटलेला असायला हवा तो पेटलेला नसेल, तर लोको पायलटने तो सर्वांत कडक संकेत दाखवत आहे असे धरून वागायचे. "दिवा दिसला नाही म्हणून मी हिरवा समजलो" असे कोणी म्हणाले, तर साहेब त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील, आणि ते बरोबरच आहे. मग तेच साहेब गाडीतून उतरून रस्त्यावर आले की विझलेल्या दिव्याला हिरवा सिग्नल कसा काय मानतात? रुळावर एक न्याय आणि डांबरावर दुसरा? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पुढे पाहा. रेल्वेने आपले डिझेल इंजिन तरी कधी दिव्यावर चालवले का? डब्ल्यू. डी. एम. २ इंजिनाची टाकी ५००० लिटरची. तिच्या अंगावर डिझेलची पातळी थेट दाखवणारा दर्शक, पाळी बदलताना पातळी पाहायची, आकडा लिहायचा, घेणाऱ्याने तपासून घ्यायचा. रायपूरच्या डिझेल शेडमध्ये ज्यांचे आयुष्य गेले त्यांना विचारा, त्या आकड्यावरून किती भांडणे झाली आहेत! पण भांडण आकड्यावरून झाले, दिव्यावरून नाही. पाच हजार लिटरला जी शिस्त लागली ती पन्नास-साठ लिटरला नको, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

आणि डिझेलच्या गाडीला ही शिस्त पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्त लागते. स्कूटर रिझर्व्हला लागली की आपण चावी फिरवायचो, एक-दोन किका मारल्या की काम झाले. डिझेल इंजिनाचे तसे नाही. टाकी कोरडी पडली की नळीत, फिल्टरमध्ये, पंपात हवा शिरते. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही. म्हणून पंप नुसता हवाच दाबत बसतो आणि इंजेक्टरला काही पोचत नाही. मग फिल्टरवरचा हँडपंप मारा, स्क्रू ढिला करून फेस जाईपर्यंत एअर काढा, परत कसा, परत मारा. जुन्या गाडीत हे काम जाणता चालक रस्त्यावर करतो, टॉर्च आणि पाना असेल तर. नव्या कॉमन रेल गाड्यांत पंपाला वंगण दुसरे कुठले नसते, त्यातून वाहणारे डिझेल हेच त्याचे वंगण. कोरडा फिरला की पंप स्वतःलाच खातो. त्याचे लोखंडी कण पुढे इंजेक्टरपर्यंत जाऊ शकतात, आणि मग येणारे बिल पाहून मालकाच्या तोंडचे पाणी पळते. त्यात डिझेलपेक्षा जड असल्याने पाणी आणि गाळ टाकीच्या तळाशी बसतो. तळापर्यंत गाडी चालवणे म्हणजे इंजिनाला तो गाळ पाजणे. इतके सगळे असताना गाडी नेहमी तळाशीच का चालते?

इथे खरी गोम आहे. चालक आळशी म्हणून नव्हे. ठेकेदाराची पद्धतच अशी आहे. पुष्कळ ठिकाणी डिझेलची पर्ची मिळते ती दिवा लागल्यावर. "पहले बत्ती दिखाओ, फिर पर्ची लो." चालकाने मोबाईलवर दिव्याचा फोटो काढून पाठवायचा, मग मुनीम पर्ची पाठवणार, तीही हजार रुपयांची. कारण दोन. एक, ठेकेदाराचे बिल रेल्वेकडून महिनोन् महिने येत नाही, हातात रोकड नसते. दुसरे, चालक डिझेल विकतो अशी त्याची पक्की समजूत. आता कोणीच कधी डिझेल विकले नाही असे मी म्हणणार नाही. लबाड माणूस चालकांत असतो, मुनिमांत असतो आणि साहेबांतही असतो. पण चोरी पकडायची रीत वेगळी आहे. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरायची, भरलेल्या लिटरने मधल्या किलोमीटरला भागायचे. चार वेळा केले की गाडीची खरी सरासरी कळते, आणि पाचव्या वेळी गडबड झाली तर लपत नाही. चौथीच्या पोराला येणारा भागाकार! तो न करता दिव्यावर पर्ची द्यायची, म्हणजे संशय चालकावर आणि जोखीमही चालकावर. आणि गंमत अशी, की अर्धवट टाकीत चोरी मुळीच पकडता येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोराला वर दिवा दाखवायचा!

आपल्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. आपल्यातच काही बहाद्दर आहेत, जे चहाच्या टपरीवर छातीठोक सांगतात, "दिवा लागला तरी पन्नास किलोमीटर काही होत नाही." या पन्नास किलोमीटरचा हिशोब कोणी केला? समजा दिवा लागला तेव्हा टाकीत पाच लिटर आहे, आणि गाडी लिटरला दहा किलोमीटर देते. झाले पन्नास. पण त्या पाच लिटरमधले थोडे नळीच्या तोंडाखाली राहते, ते कधीच इंजिनाला मिळत नाही. हौद्यात एक टन लोखंड आणि आठ माणसे असली की दहाचे आठ होतात. चढ, दुसरा गियर, फाटकावर चालू इंजिनाने वीस मिनिटे, म्हणजे आणखी कमी. दिवा लागला तो क्षण नेमका पाहिला कोणी? दुपारच्या उन्हात डॅशबोर्डवर काय दिसते! इथून महासमुंदला जायला पंचावन्न किलोमीटरच्या आसपास पडतात. हे बहाद्दर दिव्यावर निघतील तर कुठे उतरतील ते त्यांनीच ठरवावे. दुसऱ्या चालकावर वसुली आली की हाच टपरीवरचा डायलॉग साहेब पुराव्यासारखा वापरतात: "तुमचेच लोक सांगतात, पन्नास किलोमीटर जाते." उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि नुकसान दुसऱ्याच्या घरात.

यंत्र खोटे बोलले आणि माणसाला शिक्षा झाली, हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ विमान सुमारे ४१,००० फुटांवर असताना त्याचे इंधन संपले. विमानात ६९ माणसे होती. इंधनाचे मीटर आधीपासूनच बंद होते, म्हणून टाकीतले इंधन मापकाठीने मोजले गेले. कॅनडात तेव्हा पौंडातून किलोत बदल चालू होता. हिशोबात पौंडाचा गुणक वापरला गेला आणि लागणाऱ्या २२,३०० किलोच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडाले. कॅप्टन पिअर्सन आणि सहवैमानिक क्विंटल यांनी दोन्ही इंजिने बंद असलेले ते अवाढव्य विमान घारीसारखे तरंगवत गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले. सगळे वाचले. मग कंपनीने काय केले? कॅप्टनला सहा महिने खालच्या पदावर टाकले, सहवैमानिकाला दोन आठवडे निलंबित केले, देखभालीच्या तीन कामगारांनाही निलंबित केले! पुढे चौकशी झाली तेव्हा कंपनीच्या व्यवस्थापनातील आणि साधनांतील त्रुटींवर बोट ठेवले गेले, आणि १९८५ साली त्याच दोन वैमानिकांना आंतरराष्ट्रीय हवाई संघटनेने कौशल्याबद्दल सन्मानपत्र दिले. आधी शिक्षा, नंतर सत्कार. आपल्या चालकाला सत्कार नको, त्याचा आठ दिवसांचा पगार हवा आहे.

दुसरी गोष्ट फार वाईट आहे. ६ ऑगस्ट २००५ रोजी ट्युनिंटर कंपनीचे ए. टी. आर. ७२ विमान इटलीतील बारीहून ट्युनिशियातील जेर्बाला निघाले, ३९ माणसे घेऊन. आदल्या दिवशी त्याचा बिघडलेला इंधनमापक बदलला होता आणि बसवला होता तो धाकट्या ए. टी. आर. ४२ विमानाचा. दिसायला सारखाच! टाक्या रिकाम्या झाल्या तरी तो मापक भरपूर इंधन दाखवत राहिला. कमी इंधनाचा इशारा देणारा दिवा? तो त्याच मापकाच्या हिशोबावर चालणारा, म्हणून तोही पेटला नाही. विमान पालेर्मोजवळ समुद्रात पडले, १६ जणांचा बळी गेला. चौकशी करणाऱ्यांनी सांगितले की इशाऱ्याची व्यवस्था मापकापासून स्वतंत्र असली पाहिजे. मघाशी मी दोन साक्षीदार पण साक्ष एकच म्हणालो, ते हेच. २००९ साली इटलीच्या न्यायालयाने वैमानिकांना दोषी धरले, पण लक्षात घ्या, त्यांच्याबरोबर कंपनीच्या तांत्रिक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही दोषी धरले. मापक ज्यांनी बसवला आणि ज्यांच्या देखरेखीखाली बसवला, ते सुटले नाहीत. आमच्या ठेकेदाराच्या गाडीचा काटा तीन महिने नादुरुस्त असेल, तर त्या मालकाला कोणी विचारले आहे का?

कायद्याचे दोन शब्द. वेतन देयक कायदा १९३६ चा. त्याच्या कलम ७ प्रमाणे नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान कामगाराच्या ताब्यात खास सोपवलेल्या मालाचे असावे लागे किंवा त्याने हिशोब द्यायच्या पैशांचे, आणि ते थेट त्याच्याच हयगयीने झालेले असावे लागे. कलम १० प्रमाणे त्याला कारण दाखवण्याची संधी दिल्याशिवाय कपात करता येत नसे, आणि झालेल्या नुकसानीपेक्षा पैसाही जास्त कापता येत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या संहिता लागू झाल्या आणि त्या जुन्या कायद्याच्या जागी वेतन संहिता, २०१९ आली. या संहितांविषयी आपल्या महासंघाचे मत काय आहे ते या पानांवर अनेकदा आले आहे, पुन्हा उगाळत नाही. पण कारण दाखवण्याच्या संधीची तरतूद नव्या संहितेतही आहे, हे ठेकेदाराच्या मुनिमाला सांगितले पाहिजे. कित्येक ठिकाणी 'नया कानून आ गया, पुराना सब खतम' अशी थाप मारली जात आहे. ठेकेदाराने कामगाराचा पगार बुडवला तर मुख्य मालकाने तो द्यायचा, ही १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातली जबाबदारीही नव्या संहितेत कायम आहे. म्हणजे रेल्वे आणि टपाल खाते "तो ठेकेदाराचा माणूस, आमचा संबंध नाही" म्हणून हात झटकू शकत नाही.

आता सांगा, ब्लॉक हुकल्याचा दंड हा रेल्वे आणि ठेकेदार यांच्यातल्या कराराचा मामला. त्यात चालकाच्या ताब्यातला कोणता माल हरवला? कोणत्या पैशाचा हिशोब चुकला? ठेकेदाराने आपला दंड आपल्या नफ्यातून भरावा. तो चालकाच्या ताटातून भरणे ही वसुली नव्हे, लूट आहे, आणि प्रशासन डोळ्यांवर कातडे ओढून ती होऊ देत आहे.

आमच्या शाखेने यासाठी जे मागितले आहे ते आभाळाएवढे नाही. रात्रीच्या कामाला किंवा सेक्शनवर निघणाऱ्या गाडीत पाव टाकीपेक्षा कमी डिझेल असता कामा नये, आणि हे निविदेच्या अटीत लिहिलेले असावे, तोंडी नको. डिझेल ठरलेल्या किलोमीटरवर भरायचे, दिवा लागण्यावर नव्हे. लॉगबुकमध्ये प्रत्येक वेळी किलोमीटर, भरलेले लिटर आणि काट्याची जागा लिहायची; काटा किंवा दिवा बिघडला असे चालकाने एकदा लिहून दिले की त्यानंतरची जबाबदारी मालकाची. चावी फिरवल्यावर ज्या गाडीत हा दिवा क्षणभर लागतो, तिथे तो लागतो का ते निघण्यापूर्वी पाहायचे. मात्र त्यावरून फक्त बल्ब शाबूत आहे एवढेच कळते, टाकीतल्या गोळ्याची खात्री होत नाही, हेही चालकांना सांगायचे. लाकडी काठीने डिझेल मोजण्याचा जुना उपाय नव्या गाड्यांत चालत नाही, टाकीच्या तोंडाला वाकडी नळी आणि जाळी असते. ओढूनताणून काठी घालू नये. गाडीत टॉर्च, पाना आणि धोक्याचा त्रिकोण असावा. आणि कोणतीही कपात लेखी कारण, लेखी उत्तर आणि सुपरवायझरच्या सहीशिवाय होऊ नये. यावर एका अधिकाऱ्याने मला विचारले, "इतने से काम के लिए इतना कागज?" मी म्हटले, साहेब, एका की-बोल्टची नोंद आपण तीन रजिस्टरांत करतो, हा तर आठ माणसांच्या रात्रीचा प्रश्न आहे. त्यांनी चहा मागवला. उत्तर अजून आलेले नाही.

हा विषय पुढच्या पी. एन. एम. बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेसाठी आम्ही दिला आहे. ज्या शाखांकडे अशा वसुलीची प्रकरणे असतील, मग ती रेल्वेच्या भाड्याच्या गाडीची असोत की टपालाच्या ठेक्याच्या गाडीची, त्यांनी तारीख, कामाचे ठिकाण, कापलेली रक्कम, गाडीचा काटा चालू होता की बंद, पर्ची कधी आणि किती रुपयांची मिळाली, आणि त्या रात्री गाडीत आपले किती कामगार होते, एवढे एका कागदावर लिहून या महिनाअखेरपर्यंत शाखा कार्यालयाकडे पाठवावे. चालकाचे नाव कागदावर लिहू नये, ते सचिवाने तोंडी सांगावे.